बायडाबाईचं दुखणं

बीड
१४ डिसेंबर २०२५

ती. आईस,

नमस्कार. पाया पडते असं लिहिणार होते, पण तू म्हणशील, पाया पडायला पाय समोर असावे लागतात. म्हणून नुसता नमस्कार.

संस्कृती, हे आजीला सावकाश वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस. तू गाळतेस, हे तुझ्या आत्याला माहीत आहे.

आई, फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू 'बरं हाय' म्हणतेस आणि लगेच फोन नातीच्या हातात देतेस. पत्र संपेपर्यंत ऐकावं लागतं.

मी बरी आहे. सध्या ड्यूटी पुरुषांच्या वॉर्डात. मेस बंद केली, खोलीवर भाकरी करते. तुझ्यासारखी फुगत नाही. दादा-वहिनींचा कारखान्यावरून फोन येतो का? वहिनीला म्हणावं, पहाटे उसाच्या फडात जाताना कान बांधून जा.

आता कामाचं. पुण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नर्सची जागा आहे. मुलाखत इंग्रजीत. तिथं बाहेरच्या राज्यांतले, बाहेरच्या देशांतले पेशंट येतात. म्हणून मी संध्याकाळी अमरसिंह सरांच्या इंग्रजीच्या क्लासला जाते. पहिल्याच दिवशी सर पेशंट झाले. खुर्चीत पोट धरून बसले आणि इंग्रजीत कण्हू लागले. मी नर्स. मी बीपी विचारलं, शुगर विचारली, आधीची ऑपरेशनं विचारली. सर ताठ बसले. "मॅडम, मी मेलो. तुमची फाईल तेवढी वाचली." सगळा क्लास हसला. मीही हसले.

सर म्हणतात, तुमच्याकडे पुस्तकातले शब्द आहेत, घरातले नाहीत. खरं आहे. हिमोग्लोबिन येतं, पायाला मुंग्या आल्या हे सांगता येत नाही. त्यावर त्यांची एक रीत आहे. आधी आपल्या भाषेत माणूस दुखणं कसं सांगतो ते ऐकायचं. मग त्याला रोजच्या वापरातला इंग्रजी शब्द शोधायचा आणि तो त्या माणसाला चिकटवून ठेवायचा. माणूस दिसला की शब्द आठवतो. आमच्या वॉचमनकाकांचं डोकं ठणकतं, म्हणून ते थ्रॉब. वॉर्डातल्या पंडितमामांची जखम चुरचुरते, ते स्टिंग. पण माझ्याकडची मराठीच लवकर संपली. मग तू आठवलीस.

तर मला दुखणी पाठव. गावात कोणाला कुठं दुखतं आणि कसं दुखतं, तू सांग, संस्कृती लिहील.

तुझंही एखादं असलं तर घाल. क्लाससाठीच.

नागपंचमीला मी आले होते, तेव्हा भाकरी थापता थापता तू उठून भिंतीला टेकलीस. मी विचारलं, तर म्हणालीस, डोळ्यात धूर गेला. भाकरी गॅसवर चालल्या होत्या.

असो. उत्तराची वाट बघते.

तुझी
दिपाली

*

नांदूरघाट
१९ डिसेंबर

आत्या,

आजी सांगते तसं लिहिते. ती म्हणाली, जसंच्या तसं लिही, शाळेतल्यावानी करू नको.

दिपे, तुजं पत्र पोचलं. पोरीनं सगळं वाचलं. भाकर फुगत न्हाई तर पीठ जुनं झालं असंल. फेकू नको, त्याची धपाटी लाव. तुजा मास्तर बरा दिसतो. मेल्यावर बी बोलतोय.

दुखणी पायजेत तर घे. आप्पाची दाढ ठणकती. छबुबाईच्या गुडघ्यात कळ येती. कळ येगळी आन ठणका येगळा. कळ येती आन जाती, ठणका मुक्कामाला ऱ्हातो. मोळी उचलताना पाठीत भरती ती उसण. चमक न्हवं. चमक म्हंजी नुस्ती ईज, आली आन गेली. उसाचं पाचट अंगाला लागलं की खाज सुटती, त्येच्यावर घाम आला की चुरचुरतं. इचू चावला की हात बधिर हुतो, मग झिणझिण्या. बाळंतपणातलं तर लई हाय, पण ते न्हाई सांगत. तू लिव्हशील आन मास्तर वाचंल.

आत्या, इथं आजी थांबली. मी म्हणाले, आजी, तुझं सांग ना. तर म्हणते, "मला काय धाड भरलीया?" मग तिनं शेंगा फोडायला घेतल्या. सगळ्या फोडून झाल्यावर म्हणाली, लिही आणखी एक.

शेजारच्या बायडाबाईला उजव्या कुशीत दुखतं. बरगडीच्या खाली. जेवली की जराशानं सुरू हुतं. आदी दगड ठिवल्यावानी जड, मग आत कुणी पिळा घालावा तसं. तिथून पाठीत जातं, वर खांद्यामागं खवाट्यापत्तोर. घाम फुटतो. बसवत न्हाई, उभं ऱ्हावत न्हाई. भिताडाला टेकलं की वाईच बरं. तेलकट खाल्लं की ठरलेलं. पावसाळ्यापासून हाय, दिवाळीपासून वाढलंय. ती कुणाला सांगत न्हाई, तू बी सांगू नको. दवाखान्यात जायची न्हाई ती. एकदा गेलती, तेवढं बास झालं म्हणती. त्येला इंग्रजीत काय म्हणत्यात तेवढं लिव.

आजीचा आशीर्वाद.

आत्या, हे खालचं माझं आहे, आजीला वाचून दाखवलेलं नाही. बायडाबाई काल आपल्याकडंच जेवली. भजी खाल्ली, वर आणखी मागून घेतली. मग अंगणात बसून आजीला चिडवत होती, "भिवरे, तू कावून खाईनास? नवरी हायस का?" तिला काहीच झालं नाही.

आजी आत जाऊन भिंतीला टेकली होती.

संस्कृती

*

बीड
२४ डिसेंबर

ती. आईस,

पत्र पोचलं. हे उत्तर पोस्टानं पाठवत नाही. आपल्या गावच्या गाडीचे कंडक्टर ओळखीचे आहेत, त्यांच्या हाती देते. उद्या तुझ्या घरात असेल.

उसण आणि चमक यांतला फरक मी सरांना सांगितला. त्यांनी अर्धा फळा पुसून दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिले. कळ येते-जाते आणि ठणका मुक्कामाला राहतो, हे त्यांनी वहीत लिहून घेतलं. तुझं नाव विचारलं. मी सांगितलं.

बायडाबाईच्या दुखण्याला एक शब्द पुरत नाही. जड आहे तोवर डल. पिळा पडला की क्रॅम्प. पाठीत सरकतं, त्याला वेगळं सांगावं लागतं. भिंतीला टेकल्यावर वाईच बरं, याला शब्द सापडला नाही.

काल सर पुन्हा पोट धरून बसले. या वेळी मी विचारलं. कुठं दुखतं, हात ठेवून दाखवा. जेवणाआधी की नंतर? कसं दुखतं, तुमच्या शब्दांत सांगा. तिथंच राहतं की सरकतं? काय केलं की बरं वाटतं? कुठंही अडले नाही. सर कण्हायचं विसरले. "मॅडम, हा पेशंट कोण आहे?" "आमच्या शेजारच्या बायडाबाई," मी म्हणाले. मग बाहेर येऊन नळावर तोंड धुतलं.

बायडाबाईला तपासायला हवं. असं दुखणं बहुतेक वेळा पित्ताशयातल्या खड्यांचं असतं. सोनोग्राफी केल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही. त्यावर इलाज आहे. अंगावर काढलं तर अवघड होतं, हेही खरं आहे. तोवर भजी बंद. संस्कृती, ऐकलंस ना, बायडाबाईला चालणार नाहीत.

ती एकटी येणार नाही. तू सोबतीला ये. छबुबाईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला तू गेलीस. वहिनीच्या बाळंतपणाला गेलीस. दुसऱ्याच्या सोबतीला तू कुठल्याही दवाखान्यात जातेस, बाकावर बसतेस, डबा सांभाळतेस.

बायडाबाई एकदा गेली होती, ते मला आठवतं. मी लहान होते, तिचा पदर सोडत नव्हते. कारखान्यावरून आल्यावर तिच्या पोटात दुखत होतं. डॉक्टर म्हणाले, गर्भाची पिशवी काढावी लागेल. काढली. पुढच्या हंगामात ती पुन्हा मोळ्या वाहत होती. कुठं दुखतं, कसं दुखतं, जेवणाआधी की नंतर, हे तिला तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. इथल्या डॉक्टर मॅडम विचारतात. पोटाला हात लावण्याआधीही विचारतात. नको म्हटलं तर लावत नाहीत. मी शेजारी उभी असेन.

मी बायडाबाईला फोन केला. तिच्या दुखण्याची बातमी तिला दिली. ती हसायला लागली, "अगं माजे माय, मला कुठं काय झालंय?" तू कळवलंस, असं मी सांगितलं. तेव्हा म्हणाली, "भिवरी म्हणली व्हय, मला दुखतंय? बरं. दुखतंय मग. लई दुखतंय. मंगळवारी घिऊन येते तिला."

तेव्हा मंगळवारी सकाळच्या गाडीनं या. काही न खाता निघ. बायडाबाईनं खाल्लं तरी चालेल. संस्कृती शाळेतून छबुबाईकडे जाईल, त्यांना सांगून ठेवलं आहे.

पुण्याची मुलाखत पुढच्या महिन्यात आहे. ती होईल. आधी मंगळवार.

संस्कृती, पुढची ओळ गाळू नकोस. केसपेपरवर नाव भिवराबाई लिहीन. बाकावर बायडाबाई बसेल. डबाही तीच सांभाळेल.

नमस्कार या पत्रात लिहीत नाही. मंगळवारी स्टँडवर उभी राहते. तू गाडीतून उतरशील, तेव्हा पाय समोर असतील.

तुझी
दिपाली