पोलडवचं पाणी

किलारोन, गॉर्टजवळ
१२ ऑक्टोबर १९७६

ती. डिंफ्नाताईस,
लॉर्कनचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं, त्यातल्या शिव्याही पोचल्या. हो, कॉलेज सोडलं. गॉलवेला वर्गात बसून नद्यांच्या आकृत्या काढायच्या आणि शनिवारी सायकल हाणत सबिना नेस्टरला बघायला यायचं, हे दोन्ही जमेना; मी आकृत्या सोडल्या. बाबा माझ्याशी थेट बोलत नाहीत. जे सांगायचं ते कुत्र्याला सांगतात, मला ऐकू जाईल अशा बेतानं. काल कुत्र्याला समजलं की या घरात एकजण फुकट जेवतो.

पण मी फुकट जेवत नाही. डब्लिनहून मिस टॅलन म्हणून एक बाई भूजलाच्या अभ्यासाला आल्या आहेत, त्यांच्या हाताखाली लागलोय. आपली नदी पोलडवच्या काळ्या भोकात गडप होते ती पुढे कुठे निघते, दर हिवाळ्यात आपल्या कुरणात तळं कुठून उगवतं, हे त्यांना शोधायचंय. पोलडवमध्ये एक रंग ओतायचा. तो इतका विरतो की पाण्यात डोळ्यांना दिसत नाही. म्हणून भोवतालच्या झऱ्यांत, विहिरींत कोळशाच्या पुरचुंड्या बांधून ठेवायच्या. कोळसा तो रंग धरून ठेवतो. नंतर कोळसा एका द्रावणात बुडवला आणि हिरवा उतरला, की समजायचं, पोलडवचं पाणी इथे येतं. पुरचुंड्या बांधायच्या नि बदलायच्या हे माझं काम.

सबिनाला हे सांगितलं तेव्हा वाटलं, हसेल. तिनं एवढंच विचारलं, की मग ते पाणी निघतं तरी कुठे. ताई, तिचा भाऊ मॅलकी पुरात पोलडवपाशी गुरं सोडवायला गेला त्याला सहावं वर्ष. गुरं परतली, तो नाही. पाणबुड्यांच्या हातीही पोलडवनं काही दिलं नाही. तिची आई, नेस्टरकाकू, अजून म्हणतात, पोरगा बोटीनं इंग्लंडला गेलाय, येईल. चर्चमध्ये त्याच्या नावानं मृतांसाठीची प्रार्थना होऊ देत नाहीत. आणि तो येईपर्यंत सबिनाच्या लग्नाचा विषय त्या घरात निघायचा नाही. म्हणजे मी कुणाची वाट बघत बसलोय, ते तुझ्या लक्षात आलं असेल.

तुझी माया आहे ती तशीच राहू दे, आणि नॉर्मनभावजींना आठवण सांग.
तुझा
लॉर्कन


कॉव्हेंट्री
२१ ऑक्टोबर

चि. लॉर्कनला,
डिंफ्नाचे अ. आ.

इथे सगळं ठीक. वॉर्डात सर्दीतापाची रांग आहे आणि नॉर्मन माझ्या हातच्या सोडा-ब्रेडला वीट म्हणतो, पण तीन तुकडे खातो. तू प्रेमात पडलास की घरातल्या सगळ्यांच्या जिवाला घोर, हे मला तू सात वर्षांचा असल्यापासून माहीत आहे.

आता जरा नीट वाच. तू पाण्याचा शोध घेतोयस असं तुला वाटतं. ते पाणी नेस्टरांच्याच विहिरीत निघालं तर काय करशील? काकू त्याच विहिरीचं पितात. त्या पोरीला काय सांगशील?

पुरानंतर मॅलकीला मी इथे इंग्लंडात पाहिलं होतं, ते गावाला ठाऊकच आहे. माझं इथलं पहिलं वर्ष. तो बसच्या रांगेत उभा होता. कोरडं ऊन पडलेलं आणि त्याचे केस ओले. मी रस्ता ओलांडेपर्यंत बस गेली. मी काकूंना सगळं जसंच्या तसं कळवलं, ओल्या केसांसकट. त्यांचं उलट टपाली उत्तर आलं, की त्याला केस पुसायची सवय कधीच नव्हती. तेव्हापासून मी त्या थांब्यावर उभी राहत नाही. नॉर्मनला वाटतं, मला चालायची हौस आहे.

तेवढी एक विहीर वगळ, बाळा. त्या बाईंना सांग, दोर तुटला म्हणून.

जपून राहा आणि ताईला इतक्यात परकी करू नकोस.
तुझी
डिंफ्ना


किलारोन
९ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र पोचायच्या आदल्या दिवशीच मी नेस्टरांच्या विहिरीत पुरचुंडी बांधून आलो होतो. सबिनाला सांगून बांधली, काकूंना नाही. ती म्हणाली, मी वेळ बघून सांगते. ती वेळ आली नाही.

काकूंनी बादली सोडली आणि वर काय आलं, तर कापडात गुंडाळलेलं काळं काहीतरी, गाठ मारलेलं. तुझ्या डोक्यात आलं तेच त्यांच्याही डोक्यात आलं. करणी. शेजाऱ्याच्या गंजीत अंडी पुरतात, तशी कुणीतरी विहिरीला लावलेली. हात न लावता त्यांनी ती चिमट्यानं धरून शेतात नेली, जाळली, वर चर्चमधलं तीर्थ शिंपडलं, आणि प्रत्येक कुंपणाशी थांबून सांगत सुटल्या, की माझं पोर घरी येऊ नये म्हणून कुणीतरी टपलंय. बाबांनी कुत्र्याला विचारलं, की हे आपल्या घरातलं तर काम नाही ना.

मी तसाच उठून गेलो. हो, तापूनच गेलो, आता बोलू नकोस. दारातून म्हणालो, की काकू, ही करणी नाही, शास्त्र आहे. त्या म्हणाल्या, की शास्त्रवाल्यांना गाठ मारायला दुसऱ्याचीच विहीर सापडते होय, आणि कॉलेजातून पळालेल्याला शास्त्र कधीपासून कळायला लागलं. मग माझ्या तोंडून निघून गेलं, की पोलडवचं पाणी तुमच्याकडे येतं का, तेवढंच बघायचंय.

सबिना चुलीपाशी होती, तिनं मान वर केली नाही. काकूंनी हातातली किटली आहे तशी मोरीत रिकामी केली.

त्या दिवसापासून विहिरीवर फळी टाकलेली आहे. सबिना गावच्या पंपावरून पाणी वाहते. वाटेत दिसली तर बादल्या घेऊन कुरणातून वळते. कुरणात तळं वर आलंय, घोट्यापर्यंत पाणी. तशीच जाते. जिथे जाते तिथलं पाणी आपलं तोंड मिटल्यासारखं गप्प असतं, आणि मला वाटतं, खाली कुणीतरी ऐकतंय.

काय करू, लिही. रागावलीस तरी लिही.
लॉर्कन


कॉव्हेंट्री
१६ नोव्हेंबर

चि. लॉर्कनला अ. आ.

गाढवा. टोपी काढून जा. दारात उभा राहा आणि तोंड उघडू नकोस. त्या बोलतील ते ऐक, चहा दिला तर घे, हाकललं तर ये. शास्त्र शिकवू नकोस. विहिरीचा विषय त्यांनी काढला तरच तो निघाला असं समज.

काल हिवाळी कोट घ्यायला गेले आणि येताना त्या थांब्यापाशी पाय थबकले. कुणी नव्हतं. जमीन ओली होती, पण पाऊसही पडून गेला होता.

तुझ्यावर जीव आहे म्हणून एवढी बडबड. तो कमी व्हायचा नाही.
डिंफ्ना


किलारोन
१८ डिसेंबर

ती. ताईस,
लॉर्कनचा सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसा गेलो. टोपी हातात. काकूंनी बराच वेळ उभं ठेवलं. मग म्हणाल्या, की तुझी ती काळी पिशवी आण, या वेळी मी बांधते. फळी त्यांनी स्वतः सरकवली. गाठही त्यांनीच मारली, आणि मला म्हणाल्या, की तुझ्या गाठी पाहिल्यात मी, गायसुद्धा सुटेल. मिस टॅलननी पोलडवमध्ये पुन्हा रंग ओतला.

कोळसा हिरवा उतरला, ताई. काचेच्या नळीत, खिडकीच्या उजेडात. मिस टॅलन खूष झाल्या, मग माझ्याकडे बघून त्यांनी नळी खाली ठेवली. त्या म्हणाल्या, की मी येते सांगायला. मी नको म्हटलं.

सबिना फाटकातच भेटली. माझं तोंड बघून तिला कळलं. म्हणाली, आईला पाणी येत नाही म्हणून सांग. फक्त तेवढं कर, मी तुझ्याशी उद्या लग्न करते. ताई, मी वर्षभर हेच शब्द ऐकायला जगलो. आणि आत गेल्यावर काकूंनी विचारलं, येतं का रे. आणि मी म्हणालो, येतं. का म्हणालो, विचारू नकोस. ज्यांनी स्वतः गाठ मारली, त्यांच्या तोंडावर मला खोटं बोलता येईना.

त्या रडल्या नाहीत. बसून राहिल्या. मग म्हणाल्या, की म्हणजे तो सगळा वेळ इथेच होता, आणि मी मेली रस्त्याकडे बघत बसले. उठल्या, विहिरीवर गेल्या, बादली भरून आणली आणि किटली चढवली. तीन कप मांडले. उद्या फादरना निरोप दे म्हणाल्या, मॅलकीच्या नावानं प्रार्थना ठेवायची आहे. मग त्या प्यायल्या, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत.

मीही प्यायलो. चहा चांगला होता, हेच भयंकर होतं.

सबिनाचा कप तसाच राहिला. त्यावर साय धरेपर्यंत ती त्याच्याकडे बघत होती. फाटकापर्यंत आली आणि म्हणाली, की तू खरं बोललास याचा राग नाही, पण या घरात आता मला तहान लागत नाही. नाताळ झाला की ती तुझ्याकडे येतेय, कॉव्हेंट्रीला. जागा बघून दे, इस्पितळात काही काम असेल तर बघ. मी ये म्हणालो नाही, थांबही म्हणालो नाही. काकू एकट्या राहतील. त्यांची बादली आता मी ओढतो. त्यांनी तसं सांगितलं नाही, पण सकाळी गेलो तर दोन कप काढलेले असतात.

एवढंच कर. ती आली की पहिल्याच दिवशी तुला विचारेल, तुमच्या नळाला पाणी कुठून येतं. तुला माहीत असलं, तरी माहीत नाही म्हण.

तिच्यावर माया कर. माझ्या वाटची तिला दिलीस तरी चालेल.
तुझा
लॉर्कन