गोदीच्या मायले

नागपूर, ८ जानेवारी १९६७

गोदीच्या मायले रामराम.

मी खुशाल आहो. झोप लागते. सदऱ्याच्या गुंड्या आता पोटावर लागत नाहीत.

इथल्या दवाखान्यातल्या गोळ्यायनं कानातले आवाज थांबले. मले वाटलं, झालं, मेहकरची बस धरावी. पण डाक्टरबाई म्हणे, "उकंडराव, गोळी तिचं काम करते. तुम्ही बोला." दर मंगळवारी एक तास. मी तीन मंगळवार नुसतं आपल्या वावरातल्या वांग्याचंच बोललो. आता त्या बाईले कीड ओळखता येते.

चौथ्या मंगळवारी तिनं इचारलं, "बायकोला हाक कशी मारता?" म्हटलं, "अवं." म्हणे, "पहिल्यापासून?" मंग मले रडूच आलं. पोरगी तापात गेली तवापासून तिचं नाव आपल्या घरात कोणी घेतलं नाही, मी तुले हाक मारतानाही नाही. रडून झाल्यावर चार पोळ्या खाल्ल्या.

म्हैस व्याली काय? तू जेवतं ना बरोबर?

पुढच्या महिन्यात सोडतात. गोळ्या घरीही घ्याच्या आहेत, अन् बोलणंही चालू ठेवाचं हाय. तिथं डाक्टरबाई नाही, तूच हायेस. म्हणून आज कागदाच्या माथ्यावर नाव लिहून सुरुवात केली. मास्तर वाचून दाखवतीन तवा उठून जाऊ नको.

लहानथोरायले रामराम.

गोदीचा बाप