नीनो कुणावर भुंकला

४ नोव्हेंबर

चि. झ्वाने,

तुला आणि रोझाला आशीर्वाद. माझा गुडघा आहे तसाच आहे, वाइन यंदा जरा आंबट उतरली. परवा तू घाईने निघालास, बोलायचं राहून गेलं, म्हणून लिहिते.

या वयात कुत्र्याला भुंकायला शिकवायचं हे काय खूळ, असं तू विचारलंस. आपल्या घरची कुत्री मुकी का, हे तुला सांगायला नको. रानात कुत्रं भुंकलं, की कुठल्या ओकखाली जमिनीत सोन्याच्या भावाचं ट्रफल अळंबं सापडलं ते गावभर होतं. म्हणून बाबा पिल्लांना आधी गप्प बसायला शिकवायचे, मग हुंगायला. पण वसंतात कुणीतरी अंगणात शिरून आपल्या बिबा कुत्रीला विषाचं सॉसेज घातलं, तेव्हा नीनो तिच्या शेजारीच बांधलेला होता. सगळं पाहून तो शिकवल्यासारखा तोंड मिटून बसला आणि मी आत चुलीवर मक्याचा पोलेंटा ढवळत राहिले. बिबा माझ्या मांडीवर तडफडून गेली रे. आता नीनोचंही तसंच होईल, या धास्तीने मला घास गोड लागत नाही.

शेवटी मीच अंगणात उभी राहून त्याच्यासमोर भुंकू लागले. शेजारची मारित्सा कुंपणावरून म्हणाली, "फुमे, चावला की काय गं तो तुला?" नीनो ढिम्म. तो पोस्टमनचेसुद्धा बूट चाटतो.

परवा मृतांच्या दिवशी कबरीवर शेवंती वाहून आपण घरी आलो. तू वाकून खिशातून सॉसेज काढलंस, आणि नीनोच्या पाठीवरचे केस उभे राहिले. मागे सरत सरत तो भुंकला. जन्मात पहिल्यांदा.

"वा गं ताई! शिकवलंस ते सख्ख्या मामावर भुंकायला!" तू हसलास. मीही हसले. मांजर तुझ्या पायांत घोटाळत होती, पण तिला न देता सॉसेज तू परत खिशात ठेवलंस.

काल मारित्साने त्याला सॉसेज दिलं. त्याने ते मुकाट खाल्लं, वर शेपूटही हलवली.

मी काही म्हणत नाही. बिबा ज्या ओकखाली सगळ्यांत मोठी ट्रफलं काढायची, तिथे यंदा तुझी कुत्री दिसते म्हणे. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?

नाताळला ये. रिकाम्या हातांनी ये. फाटकाबाहेर उभा राहून नीनोला हाक मार. तो गप्प राहिला, तर मी दार उघडीन.

अजून तरी तुझीच,
फुमेताई