उंबऱ्यातले सात खिळे

३ फेब्रुवारी, सोमवार

गेलोच शेवटी! अक्षदा नको नको म्हणत होती – "राजरत्न, माझ्या घरी पाय ठेवू नकोस, हात जोडते." पण तिचा भाऊ सुयोग स्वतःच्या पायांनी उल्हासनगरला आमच्या दुकानात आला ग्रॅनाइट बघायला, तर मी काय करू? मधुशेठला म्हटलं, त्यांच्या वांगणीच्या घरचं माप मी घेतो. शेठ म्हणाला, "तुझे इतना शौक कबसे?"

जुनं घर, नवं करतायत. ती ओसरीवर लसूण सोलत होती. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही! कॉलेजात दोन वर्षं एका वर्गात होतो. तिच्याशी हसून बोलला म्हणून प्रीतमला मारलं, कॉलेजनं घरी बसवलं, मी परत गेलोच नाही. तिच्यासाठीच सगळं. आणि ही बघत नाही.

तिचे आजोबा, महिपती. ऐंशीच्या पुढचे, पण आवाज अजून खणखणीत. नाव विचारलं. जाधव म्हटलं. "जाधव? मंग आपल्यातलाच की! जेवूनच जायाचं." मी दुरुस्ती केली नाही. आत पाटावर बसवलं. वाढायला तीच. पळी ताटाला लागून वाजत होती. मला तेव्हा मजा वाटली. आत्ता लिहिताना लाज वाटतेय. थोडी.

उंबऱ्याचं माप घेताना दिसलं – लाकडात जाड खिळे ठोकलेत. एका रांगेत सात, डोकी पार आत गेलेली. म्हटलं, हा काढून टाकतो, ग्रॅनाइट नीट बसेल. म्हातारा ताडकन उठला. "उंबऱ्याला हात नाय लावायचा! वरून लाव काय लावायचं ते."

४ फेब्रुवारी

आजीला खिळ्यांचं सहज सांगितलं. तिनं टीव्हीचा आवाज बंद केला.

"किती?"

सात.

"मग त्या घरातली पोटुशी बाई गेलीय कधीतरी. अळवंतीण होऊन परत येऊ नये म्हणून ठोकतात. वाटेवर राळे पण टाकतात. दाणे वेचत बसावं तिनं, घर गाठायच्या आत उजाडावं." मग हळूच म्हणाली, "मेल्यावर पण बाईला कामाला लावतात, बघ."

आजी असलं काही मानत नाही. पण माहीत सगळं आहे तिला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

अक्षदा भेटली, कॉलेजच्या मागच्या गल्लीत. आधी अर्धा तास भांडली, घरी का आलास म्हणून. मग मी खिळ्यांचं सांगितलं, आजी म्हणाली तेही. म्हणाली, "आमच्यात अशी कुणीच नाही गेलेली. आजोबांची बहीण होती, विठा. पण ती साप चावून गेली. आणि तिचं लग्नच कुठं झालं होतं? एकोणीस वर्षांची –"

बोलता बोलता थांबली. तिचं तिलाच कळलं.

निघते म्हणाली. अशी कशी निघते? मनगट धरलं. जरा जोरात धरलं असेल. बांगडी फुटली, थोडं रक्त आलं. काचेची होती, दुसरी आणीन! एवढ्यावरून रडायचं?

९ फेब्रुवारी, रविवार

तिचा फोन. शेजारच्या चिमीआजीला विचारलं म्हणे तिनं. म्हातारीनं आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाली – "साप दोन पायांचा व्हता गं पोरी."

विठाला तिसरा महिना होता. पोरगा महारवाड्यातला. (चिमीआजी अजून तोच शब्द वापरते.) त्याच आठवड्यात तो पण गावातून गेला. मुंबईला गेला म्हणतात. शोधला कुणी नाही.

डोकं फुटायची वेळ आलीय. गावाला साप सांगितला, गावानं ऐकला. पण विठाला कोण फसवणार? म्हणून खिळे! जिवंत होती तेव्हा भ्याले नाहीत तिला, मेल्यावर भ्याले. तिला तिसरा महिना होता हे घरात लपवलं आणि दारात ठोकून ठेवलं. साठ वर्षं त्यावरून पाय टाकून जातायत. अक्षदा पण. त्या दिवशी मी पण.

अक्षदा म्हणाली, "महिनाभर तोंड उघडू नकोस. परीक्षा होऊ दे, मग काय करायचं ते मी ठरवते. तुझं डोकं माझ्या जिवावर बेतेल."

शपथ घेतली. तिचीच.

११ फेब्रुवारी

सतरा वेळा फोन केला. उचलत नाही. सतत कुणाशी बोलत असते?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

काय करून बसलो!

ग्रॅनाइट बसवायला गेलो होतो. अक्षदा आतच. म्हातारा शेजारी खुर्ची टाकून बसला, चहा दिला, आणि मला आपलं माणूस समजून सुरू – "पोरींना शिकवावं, पन नजर ठेवावी रं जाधवा. त्यांची पोरं लई माजलीत. पोरगी गेली का घराचं नाक जातं."

मी विचारलं, विठाचं काय केलंत?

कप तसाच हातात राहिला त्याच्या. सुयोग बाहेर आला. आणि मग माझं सटकलंच. मी बौद्ध जाधव आहे म्हणालो. तुमच्या ताटात जेवलोय म्हणालो. सात खिळे कुणासाठी ते सांगा म्हणालो. एवढ्यावर थांबलो असतो तरी – पण नाही. म्हणालो, "अक्षदाला हात लावाल तर एकेकाला बघून घेईन, माझी आहे ती!"

तिचं नाव मी घेतलं. माझ्या तोंडानं. त्यांच्या दारात.

ती आतल्या दारात उभी होती. माझ्याकडे बघत होती. असं कधीच बघितलं नव्हतं तिनं.

१४ फेब्रुवारी

फोन बंद.

१७ फेब्रुवारी, सोमवार

पोलिसांत गेलो. "घरचे म्हणतात मामाकडे गेलीय. तू कोण तिचा?"

मी कोण?

१९ फेब्रुवारी

सुयोग दुकानात आला, माझी कॉलर धरली. "कुठं ठेवलीस तिला?" नाटक करतोय साला! मामाचं खोटं होतं तर. मारलं त्यांनी तिला. परत एक साप.

दुपारी हॉस्पिटलात गेलो, अनोळखी बायकांची प्रेतं बघायला. दोन होत्या. चादर वर करणारा माणूस डबा अर्धवट टाकून आलेला, बोटांना चटणी तशीच. म्हणाला, "लवकर बघ." पहिली नाही. दुसरीचे केस अक्षदासारखे. तोंड बघितलं – नाही. हुश्श केलं मी! मोठ्यानं! मग त्या पोरीकडे परत बघितलं. तिला शोधत कुणी आलंच नव्हतं.

घरी आजीनं भात कालवून समोर ठेवला. ताट तसंच झाकून ठेवलं.

२० फेब्रुवारी

शपथ तिची घेतली होती. मोडली मी. गेली ती.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

पोलिसांनी बोलावलं. अक्षदा जिवंत आहे! बायकांच्या कुठल्याशा वसतिगृहात, पत्ता देणार नाहीत. त्याच गुरुवारी निघाली, एकटी. विठाचं सगळं लिहून दिलंय तिनं. आणि खाली, कुणापासून जिवाला धोका आहे, कुणाला भेटू देऊ नये, तिथे तीन नावं. हवालदारानं कागद माझ्याकडे फिरवला.

महिपती. सुयोग. राजरत्न.

अक्षर तिचंच.