मेंदूचं सुधारित एस्टिमेट

३ एप्रिल
आमच्या लेकीचा, गार्गीचा, पुण्याहून फोन. पंचवीस तारखेला तिचं पहिलं जाहीर भाषण. विषय असा: माणसाचा मेंदू कॉम्प्युटरवर चालवायचा तर तो केवढा लागेल, आणि किड्यामुंगीपासून माणसापर्यंतची सगळी उत्क्रांती त्यावर पुन्हा घडवायची तर केवढा. बाबा, तुम्ही आणि आई या, पुढच्या रांगेत बसा, म्हणाली. मी म्हटलं, काळजी नको, आकडा मी काढून देतो. सरकारी नोकरीत जन्मभर कालव्यांची एस्टिमेटं केली, मेंदू काय चीज आहे. तिने लगेच गाडीच्या तिकिटांचं विचारलं. जीव भांड्यात पडला असावा पोरीचा.

५ एप्रिल, सकाळ
पद्धत ठरली. कालव्याचीच. नग गुणिले दर, वर आकस्मिक म्हणून दहा टक्के. मेंदूतल्या पेशी सुमारे शहाऐंशी अब्ज. नग झाले. एक पेशी सेकंदाला किती हिशोब करते, हा दर. तो कुठल्याच दरसूचीत नाही. शेजारच्या नत्थूजींचं इतवारी बाजारात भांड्यांचं दुकान. ते म्हणाले, एवढा माल थोकात घेऊन राहिले तर भाव पाडून मांगा ना गा.

९ एप्रिल
दर सापडला. म्हणजे इंटरनेटवर बरेच सापडले. सगळ्यात मोठा दर सगळ्यात लहानाच्या कोट्यवधी पट. कालव्यात एवढा फरक निघाला असता तर चौकशी लागली असती. मधला घेतला, कोणाचंच मन दुखायला नको. मेंदू संपला. उद्यापासून पहाटे पाचला उठून उत्क्रांती.

१० एप्रिल, सकाळी साडेआठ
उन्हाळ्यात पहाटे उठणं तब्येतीला बरं नाही.

१२ एप्रिल
उत्क्रांतीसाठी जगातले सगळे जीव मोजणं आलं. अंगणात फूटभर चौकोन आखला. त्यातल्या मुंग्या मोजायच्या आणि पृथ्वीच्या क्षेत्रफळाने गुणायचं. निम्म्यात होतो तेवढ्यात प्रेमलता आली आणि हळद टाकून गेली. सर्वेक्षण थांबलं, मोजल्या होत्या त्याच्या दुप्पट धरल्या. बायकोला विज्ञानाचं काही नाही. नत्थूजींनी कुंपणावरून विचारलं, काहून मुंग्याइले मोजून राहिले. कारण सांगितलं. म्हणाले, पोरगी हुशार आहे तुमची, तिनं मोजल्या असतीन. भाबडा माणूस.

१७ एप्रिल
बेरीज झाली. माझ्या कॉम्प्युटरवर उत्क्रांती चालवली तर विश्वाचं आजवरचं वय पुरत नाही. खचण्याचं कारण नाही. माझा पहिला कालवाही तीन वर्षांत व्हायचा होता. प्रेमलता बॅग भरा म्हणून मागे लागली आहे. आधी एस्टिमेट, मग बॅग.

२० एप्रिल
पुन्हा गार्गी. म्हणाली, बाबा, खरं सांगायचं तर हा आकडा कोणालाच माहीत नाही, कितीतरी शून्यांची चूक असू शकते, आणि माझं भाषण त्यावरच आहे. घाबरली आहे बिचारी. समजावलं की चार लोकांत उभं राहून माहीत नाही म्हणू नये, करिअरवर परिणाम होतो. तिने विचारलं, तुम्ही येताय ना नक्की. म्हटलं, आधी आकडा येईल, मागोमाग मी.

२३ एप्रिल
घोळ. समुद्र राहिला. पृथ्वीवर पाऊण भाग पाणी, आणि मी, आयुष्यभर पाण्याची कामं केलेला माणूस, सगळीकडे अंगणातल्या मुंग्या पसरून बसलो. मासे, झिंगे, सगळं नव्याने धरावं लागेल.

२४ एप्रिल, दुपारी चार
पारा पंचेचाळीस. कूलर नुसता आवाज करतो. गाडी संध्याकाळची, समुद्र अर्धा. आकड्याशिवाय गेलो तर पोरगी स्टेजवर बोलणार काय. प्रेमलतेला म्हटलं, तू हो पुढे, मी उद्या पहाटे काहीतरी पकडतो. ती म्हणाली, अहो, तिनं आकडा मागितला कधी, तेवढं सांगा मले. एवढ्या गडबडीत कुठे आठवणार. नत्थूजींनी तिला स्टेशनवर सोडलं.

२५ एप्रिल, सकाळी दहा
पहाटे काही मिळालं नाही. मिळालं असतं तरी भाषण अकराला, पुणं काही इथलं जरीपटका नाही, रिक्षाने पोचायला. हे काल लक्षात यायला हवं होतं. सुधारित आकडा मोबाइलवर पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या. पाहिला तिने. वेळेत पोचला म्हणायचं.

त्याच दिवशी, संध्याकाळी सात
प्रेमलतेचा फोन. हॉल भरला होता. पुढच्या रांगेत तिच्या शेजारची खुर्ची गार्गीने राखून ठेवली होती. एक गृहस्थ बसायला आले तर स्टेजवरून म्हणाली, तिथे नको, बाबा यायचेत. शेवटपर्यंत कोणाला बसू दिलं नाही. मी विचारलं, माझा आकडा दाखवला का. प्रेमलतेने फोन गार्गीकडे दिला. आकड्याचं तिनेही काढलं नाही. बाबा, जेवलात का, एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. भाषण कसं झालं, हे विचारायचं राहूनच गेलं.