पाटीवरची दोन अक्षरं

अमरावती, ३ नोव्हेंबर

ती. बेबीताई यांस,
माणिकचा सप्रेम सलाम, वि. वि.

तुमच्या कानांमुळे फोनवर ओरडावं लागतं आणि शेजाऱ्यांना सगळं कळतं, म्हणून पत्र.

रागिणीला नर्सची नोकरी लागली. मला न सांगता अर्ज केला होता. मिशनचा दवाखाना आहे, धारणीला. ताई, धारणीलाच. त्याच रस्त्यावर, सेमाडोहच्या घाटात, प्रार्थनासभा घेऊन येताना तुमच्या भावाची जीप उलटली. तो घाट माझ्या लेकीनं चढावा-उतरावा, हे मला सोसणार नाही.

ती माझं ऐकत नाही, आत्याचं ऐकते. तिला एवढंच लिहा की तुम्ही प्रार्थना केली आणि तिनं धारणीला जावं अशी प्रभूची इच्छा दिसत नाही. तुमच्या योगेशच्या ओळखीनं अकोल्यात कुठं सोय होते का, तेही त्याला विचारा.

यांच्या कपाटातली प्रवचनांची पुस्तकं मी बोट ठेवून ठेवून वाचली. देवाच्या सत्तेवर पानंच्या पानं आहेत. रागिणीला जाऊ द्यावं की नाही, हे कुठंच नाही. दफनाच्या दिवशी जो तो म्हणत होता, प्रभूची इच्छा. मी मान हलवत राहिले. ती मान आता दुखते.

दारावरची यांच्या नावाची पाटी उतरवून कोठीमागं ठेवली. भाजीवाल्या मैनाबाईनं पहिलं तेच विचारलं, "बाई, साहेबाची डिगरी काहून काढली?"

उत्तर लवकर लिहा.
आपली,
माणिक


अकोला, ९ नोव्हेंबर

चि. माणिक हिस,
अ. आ.

योगेशला विचारलं. त्याच्या ओळखीच्या दवाखान्यात जागा आहे, रागिणी कधीही येऊ शकते. तिला तसं कळव. माझ्या घरी राहील आणि माझ्या कानात ओरडेल.

पण ते दुसरं मी लिहिणार नाही. प्रभूची इच्छा काय, ते मला कळलेलं नाही. तुझी कळली आहे. तुझी भीती तुझ्या नावानं सांग, त्याच्या नावानं नको.

रागावू नकोस. मीही धाकटा भाऊ पुरला आहे. कितीतरी रविवार मी उपासनेत नुसते ओठ हलवले. बहिऱ्या म्हातारीकडे कोण बघतो? उत्तर मला अजून मिळालेलं नाही. पण विचारायला दुसरं दार नाही, म्हणून त्याच दाराशी बसून आहे.

मैनाबाईला हसू नकोस. पाटीच्या पेंटरचंही तेच झालं होतं. कुठलाही बेत लिहिला की शेवटी 'प्र. इ.' लिहायची आपल्या शेखरची सवय. प्रभूची इच्छा असल्यास. पेंटरला चिठ्ठी दिली, शनिवारी पाटी न्यायला येतो म्हणून, आणि विसरलेलं प्र. इ. घाईत सहीच्या पुढं घातलं. त्यानं ते बी. ए. सारखं रंगवून दिलं, 'शेखर साळवे, प्र. इ.' तू बदलून आण म्हणालीस, तर शेखर म्हणाला, असू दे, आपल्याला मिळालेली एवढीच डिग्री.

शेखर गेला. त्याचं नाव पुसायचं असेल तर पूस. पुढची दोन अक्षरं त्याची नव्हती.

जेवत जा वेळेवर.
तुझी,
बेबीताई


अमरावती, २४ नोव्हेंबर

ती. बेबीताई यांस,
माणिकचा सप्रेम सलाम, वि. वि.

तुमच्या पत्राचा राग आला होता. ते भाकरीच्या टोपल्याखाली दाबून ठेवलं, तर स्वयंपाक करताना रोज समोर. शेवटी रागिणीला जवळ बसवलं आणि सांगितलं, मला भीती वाटते, अकोल्यातही जागा आहे. तिच्याजवळ दहा उत्तरं तयार असतील असं वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "आई, तू नको म्हणशील तं नाई जात मी."

ताई, हवं ते हातात आलं आणि मला ते धरवेना. माझ्या शब्दावर ती अकोल्यात राहिली आणि तिथल्या रस्त्यावर काही झालं, तर मी कुणाशी भांडू? घाट प्रभूचा आणि अकोला माझं, असं थोडंच आहे. दोन्हीकडे तोच. हे मला गोड लागलं म्हणून लिहीत नाही, कडूच लागलं. तरी तिला म्हटलं, जा.

आज परतवाड्यापर्यंत सोबत गेले आणि तिला धारणीच्या जीपमध्ये बसवलं. ड्रायव्हरला हळू चालव म्हणून इतक्यांदा सांगितलं की तो म्हणाला, मावशी, तुमीच चालवा. जीप सुटताना रागिणी ओरडली, पोहोचली की फोन करते. माझ्या तोंडून निघून गेलं, "प्र. इ." ती हसली, थेट बापासारखी.

घरी येऊन पाटी ओल्या फडक्यानं पुसली आणि लावली, नावासकट. मैनाबाईला एकदाचा अर्थ सांगितला. ती म्हणाली, हे तं आमीबी म्हणतो बाई, फक्त रंगवून नाई घेत.

अंधार पडायला लागला आहे. फोन आलेला नाही. सेमाडोहच्या पुढं रेंज नसते म्हणतात. फोन आल्यावर पत्र पुरं करावं असं मनात होतं. पण मग शेवटची दोन अक्षरं लिहिण्यात काय राहिलं असतं? म्हणून आत्ताच लिहिते.

नाताळात तुमच्याकडे येऊ, दोघीही. लोभ आहे तो असाच धरून ठेवा.

आपली,
माणिक साळवे, प्र. इ.