वांगी चांगली आहेत, एवढेच वाचावे

काचीगुडा, हैदराबाद
पौष शुद्ध पंचमी, शके १८७०

राजमान्य राजश्री एकनाथराव यांसी, आपल्या भगिनीचा यजमान भगवंतराव याचा बार्शीच्या दिशेने वाकून नमस्कार.

आपली तीन पत्रे पोहोचून तीन महिने होत आले आणि माझ्याकडून एकाचेही उत्तर गेले नाही, याची आधी माफी मागतो. हैदराबादचे टपाल अजून बंद आहे असे आपण समजला असाल. टपाल सुरळीत चालू आहे. पोस्टमन रोज दारावरून जातो आणि त्याला पाहून मी आत जातो. का, ते पुढे येईल. आपली प्रकृती कशी आहे? वहिनींचा गुडघा थंडीत दुखतो, त्याला शेक चालू आहे ना? विहिरीचे पाणी किती खाली गेले? माझे म्हणाल तर छातीत धडधड होत असे ती चार दिवसांपासून थांबली आहे, भूक लागते, आणि काल मी स्वतःहून हसलो. इकडे सर्व शांत आहे. वांगी चांगली आहेत.

आता एक सूचना. आपण हे पत्र नेहमीप्रमाणे जेवणानंतर ओसरीवर मोठ्याने वाचाल आणि आपली भगिनी उंबऱ्याशी बसून ऐकेल, हे मला दिसते आहे. तिला अक्षर येत नाही, पण चेहरा वाचता येतो. म्हणून मी खाली एक कंस उघडतो. कंसातला मजकूर मनात वाचावा, आणि वाचताना भुवई हलवू नये. तिने विचारले तर आमच्या गल्लीतल्या नळाची हकीकत चालू आहे असे सांगावे. माझे शिक्षण उर्दू चौथीपर्यंत, मराठी काय ती वडिलांनी देवळात शिकवली, तेव्हा कंस वापरण्यात चूक झाली तर सांभाळून घ्यावे.

(वैशाखात रजाकारांच्या भीतीने मी तिला आपल्याकडे पाठवले, तेव्हा गाडीत बसताना तिने मला एकच काम सांगितले. आपल्या मातुश्रींच्या हातचे वांग्याचे बी, ते हिरवे, पांढऱ्या रेघांचे, काटेरी वाण, पुरचुंडीत बांधून डब्यात ठेवले आहे, ते मृग लागताच पेरावे आणि निम्मे शिल्लक ठेवावे. मी हो म्हणालो. मृग आला तेव्हा मी दाराला आतून अडसर लावून खाटेखाली बसलो होतो. खोटे कशाला सांगू? पुढे श्रावणात आपल्या पत्रातून तिने विचारले, वांगी लागली का? मी लिहिले, लागली. पुढच्या पत्रात विचारले, किती? मी लिहिले, पुष्कळ, शेजारीपाजारी वाटतो आहे. वास्तविक त्या वेळी गल्लीत शेजारी म्हणून एकटे खाजा मियाँ उरले होते, आणि त्यांना मी वांगे तर सोडाच, पाणीसुद्धा विचारले नव्हते.

खाजा मियाँ आपणांस आठवत असतील. एका जहागीरदाराच्या बागेत चाळीस वर्षे माळी होते, आता घरीच असतात. त्यांची आमची भिंत एकच. भाद्रपदात हिंदुस्थानची फौज येईपर्यंतचे ते चार-पाच दिवस आम्ही दोघे आपापले दार लावून त्या भिंतीच्या दोन बाजूंना बसलो होतो. दर घटकेला ते खोकत आणि मग मी खोकत असे. बोलायची छाती कोणालाच नव्हती, पण पलीकडचा आहे एवढे कळे.

मग राज्य बदलले, लोक रस्त्यावर आले, पेढे वाटले, आणि माझी फिकीर दुप्पट झाली. कारण आता गाड्या सुरू होणार आणि आपली भगिनी परत येणार. आली की पहिली परसात जाणार. म्हणून मी आपणांस कळवले की गाड्यांना गर्दी आहे. मग कळवले की परवाना लागतो. मग काय कळवावे ते सुचेना, तेव्हा कळवणेच बंद केले. गाड्यांना गर्दी नव्हती, एकनाथराव. परवाना कसला ते मलाही माहीत नाही.

इतक्यात नवरात्र आले. घट बसवणे हे तिचे काम, पण घरात घट चुकला असे कधी झाले नाही, म्हणून मीच माती चाळली, पत्रावळीवर पसरली, मध्ये पाण्याचा मातीचा घट ठेवला. डबा उघडला तर आत दोन पुरचुंड्या, एक पांढऱ्या दोऱ्याची, एक लाल दोऱ्याची. मी विचार केला, लाल म्हणजे कुंकवाचा, म्हणजे देवीचा. लाल सोडली आणि होते तेवढे सगळे पेरले. दाणे फार बारीक आणि चपटे वाटले, पण म्हटले बार्शीकडचे धान्य असेच असेल. (तीस वर्षे करोडगिरीच्या जकातनाक्यावर बसून मी येणाऱ्याजाणाऱ्यांची गाठोडी सोडून तपासली, आणि घरातली पुरचुंडी मला ओळखता आली नाही.)

घटाचे धान्य तिसऱ्या दिवशी वर येते. तिसरा गेला, चौथा गेला, पाचव्या दिवशीही माती काळीच. आपणांस माहीत आहे, घट उगवला नाही म्हणजे लोक काय काय म्हणतात. मला वाटले बार्शीस काही झाले. वाटले गाडी रुळावरून घसरली, मग आठवले की ती अजून गाडीत बसलीच नाही. सातव्या दिवशी हिरवे दोरे वर आले तेव्हा मी देवीसमोर इतका वेळ डोके टेकून राहिलो की कपाळाला माती लागली, ती दिवसभर पुसली नाही. दसऱ्याला भिंतीवरून खाजा मियाँना आपट्याची पाने दिली आणि कौतुकाने घटही उचलून दाखवला. ते वाकले, एक पान चुरगाळून वास घेतला आणि म्हणाले, “रावसाब, ये क्या बोये सो? जवारी नईं ये. बैंगन है बैंगन!”

मी तिथेच खाली बसलो. लाल दोरा आपल्या मातुश्रींचा होता. देवीचे धान्य पांढऱ्या दोऱ्याच्या पुरचुंडीत होते, ते अजून तसेच आहे. निम्मे शिल्लक ठेवायचे तर दूरच, वाणाचा एक दाणा घरात उरला नव्हता. आणि दसऱ्याला घटाचे अंकुर उपटून डोक्यावर खोवायचे! मी देवीची क्षमा मागितली, त्यातले दोन अगदी मरतुकडे पाहून कानावर ठेवले आणि बाकीच्यांना हात लावला नाही.

पण खरे संकट पुढेच होते. चाळीसएक रोपे होती. ती जगली पाहिजेत म्हणून मी त्यांना पाणी घालू लागलो. सकाळी घाली, स्नानानंतर घाली, पोस्टमन दिसला की घाली. आठ दिवसांत निम्म्याहून अधिक बुडाशी कुजून आडवी झाली. खाजा मियाँनी भिंतीवरून पाहिले आणि म्हणाले, “पौदा पानी से नईं मरता रावसाब, फिकर से मरता. तुम इसकू हात नक्को लगाव.” मग त्यांनी उपाय सांगितला. जहागीरदार उन्हाळ्यात बाहेरगावी गेले की बागेत तसेच करीत. खाली पाणी भरलेले गाडगे, वर बुडाला भोक पाडलेली कुंडी, आणि भोकातून एक वात खाली पाण्यात सोडायची. झाडाला तहान लागेल तेवढे पाणी ते आपले आपण ओढून घेते. मालकाने फक्त गाडगे रिकामे झाले का पाहायचे आणि बाकी वेळ लांब बसायचे. रोपांना चार-पाच पाने आली तेव्हा, कार्तिकात, आम्ही ती हलवली. मी म्हणजे धरायला होतो. मुळाची माती न सांडता रोप उचलणे त्यांच्याच हाताला जमते.

वात मात्र मी लावली. वात म्हटल्यावर मी देवघरातल्या वाती आणल्या. आपली भगिनी जाताना तुपात भिजवून डबीभर ठेवून गेली होती त्या. तुपाच्या वातीला पाणी चढत नाही, हे मला कोणी शिकवले नव्हते. पाणी चढले नाही, पण मुंग्या चढल्या, आणि मुंग्यांच्या मागून उंदीर आले. त्यांनी तूप खाण्यासाठी सहाही कुंड्या उकरल्या. मग खाजा मियाँनी सुती धोतराच्या पट्ट्या लावायला सांगितल्या. घाईत मी नवे धोतर फाडले. कुंड्या कमी पडल्या म्हणून लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीला भोक पाडू गेलो, तिचे पाच तुकडे झाले. (ही बरणी आहेरातली होती. दुहेरी कंस करतो, म्हणजे भुवईला दुप्पट आवर घालावा.)

शेवटी सात रोपे तरारली आणि कुंड्या होत्या सहा. सातवे सगळ्यांत दणकट. आता माझ्या टोपीची गोष्ट सांगितली पाहिजे. ती लाल गोंडेवाली रुमी टोपी, जी घालून मी तीस वर्षे जुन्या सरकारच्या दफ्तरात गेलो, भाद्रपदापासून घरात नकोशी झाली होती. गल्लीत प्रत्येकाच्या डोक्यावर एका दिवसात पांढरी टोपी आली. मीही एक घेतली, ती दोन बोटे लहान निघाली. जुनी आधी पिठाच्या डब्यात लपवली, मग माळ्यावर, मग देवामागे. लष्कराने झडती घेतली तर काय सांगायचे? एके दिवशी पिशवीत घालून अफझलगंजच्या पुलावर गेलो, चारी बाजूंना पाहिले आणि मुसीत टाकून दिली. नदीला पाणी नव्हते. खाली एक धोबी कपडे वाळवत होता. तो टोपी झटकत झटकत पायऱ्या चढून वर आला, “साब, टोपी गिर गई थी आपकी,” असे म्हणून त्याने ती अदबीने माझ्याच डोक्यावर ठेवली आणि सगळा पूल पाहत राहिला. तसाच घरी आलो.

तर सातव्या रोपाला कुंडी नव्हती, आणि खाजा मियाँनी विचारले, घरात आणखी काही खोलगट आहे का? मी टोपी आणली. उलटी धरली तर कुंडीच ती! बुडाशी गोंड्याचे भोक आयतेच. रेशमी गोंडा पाणी ओढीना, म्हणून पांढऱ्या टोपीची पट्टी फाडून त्याच भोकातून खाली सोडली, आणि सगळे तांब्याच्या तोंडावर बसवून भिंतीवर ठेवले. दहा दिवसांत त्या रोपाने बाकीच्यांना मागे टाकले. खाजा मियाँ कमरेवर हात ठेवून पाहत राहिले आणि म्हणाले, “तीस बरस सर पे थी, कुछ नईं उगा. अब देखो!” भाद्रपदापासून त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिले. मलाही राग आला नाही.

आता सातही झाडे फुलावर आहेत, टोपीतल्या झाडाला फळ धरले आहे, म्हणून हे पत्र लिहिण्याची हिंमत झाली. मनावरचा दगड उतरला, एकनाथराव. आता ती आली तरी परसात दाखवण्यासारखे काही आहे. लहानमोठ्यांस नमस्कार, आशीर्वाद.

आपला,
भगवंतराव

ता. क. कंस अजून चालू आहे. हे पत्र लिहायला मला सकाळपासून तिसरा प्रहर झाला. तेवढ्या वेळात खाजा मियाँची शेळी दावे तोडून आमच्या परसात आली. वर सात झाडे लिहिली आहेत, ती पत्र सुरू केले तेव्हाची समजावी. टोपी उंच भिंतीवर होती म्हणून वाचली. खाजा मियाँ शेळीला मारायला निघाले होते, मी धरले. तीन महिने पत्रे मी लांबवली, आज एकच सविस्तर लिहिले, तर त्यात तिचा काय दोष?

ता. क. दुसरा. टोपीतल्या झाडावर दोन वांगी आहेत, सुपारीएवढी. खाजा मियाँ म्हणतात, एक झाडावरच पिकू द्यावे, त्यातून एवढे बी निघेल की सगळ्या काचीगुड्याला पुरेल. म्हणजे मातुश्रींचे वाण बुडाले नाही. दुसरे भोगीपर्यंत लिंबाएवढे होईल. भोगीच्या भाजीत एक वांगे फार होत नाही, पण दोन माणसांना पुरते. आता आपण तिला धाडावे. ती पौषात प्रवास नको म्हणेल, तर स्वतःच्या घरी येण्याला प्रवास म्हणत नाहीत असे सांगावे. कुर्डुवाडीस गाडी बदलून द्यावी, सिकंदराबादेस मी फलाटावर असेन. येताना वहिनींच्या हातची एक लोकरीची कानटोपी द्यावी. माझ्या दोन्ही टोप्या कामाला लागल्या आहेत आणि थंडी फार आहे. धोतर आणि बरणीचे मीच सांगेन. शेळीचेही मीच सांगेन.)

ता. क. तिसरा. कंस संपला. आता मोठ्याने वाचावे. आपल्या शेवटच्या पत्रात भगिनीने विचारले होते की वांग्याच्या देठाला काटे किती आहेत. हा प्रश्न तिने सहज विचारलेला नाही, हे मला तेव्हाच कळले होते आणि म्हणूनच उत्तर देता आले नाही. आज देतो. सात आहेत. बोटाला लागले आहेत. कोणत्या गाडीने निघाली ते दोन ओळींत लगेच कळवावे. पोस्टमन येईल तेव्हा मी दारातच उभा असेन.